घड्याळ पाड्यावर सुरू होतं



तातडीचं सिझर म्हटलं की आपल्याला एकच धावपळ दिसते. पण तातडीतही फरक असतो. बाळाआधी नाळ बाहेर आली, वार वेळेआधी सुटून रक्त जाऊ लागलं, गर्भपिशवी फाटली, तर निर्णय झाल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर यावं, असा डॉक्टरांचा दंडक आहे. काही वेळा तासभर, सव्वा तास हाती असतो. तेवढ्यात भूलतज्ज्ञ यायचा, रक्ताची पिशवी यायची, कागदावर अंगठा उठायचा.

हे दवाखान्यातलं घड्याळ. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घड्याळ पाड्यावरच सुरू होतं. बांबूला चादर बांधून केलेली झोळी, पुढे-मागे दोन खांदे, पावसाने निसरडी झालेली पायवाट. रस्त्यापर्यंत आलं की १०८ची गाडी, मग चांदसैली घाट, तळोदा, तापीचा पूल आणि तेव्हा कुठे नंदुरबार. झोळीतल्या बाईला तीस मिनिटांचा हिशोब कोणी सांगावा?

म्हणून मी म्हणतो, आमची घाई आठ दिवस आधीची हवी. आदिवासी भागात आरोग्य केंद्राजवळ माहेरघर त्यासाठीच काढलं: दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहायचं. पण आरोग्य केंद्रात सिझर होत नाही, हे विसरू नका. आधीचं सिझर असेल, बाळ आडवं असेल, जुळं असेल, तर मुक्काम ऑपरेशन होतं त्या दवाखान्याच्या गावातच हवा. जुना टाका कळांच्या ताणाने उकलला, तर झोळी बांधायलाही वेळ मिळत नाही.

आणि वाटेत नाळ बाहेर दिसलीच, तर ती आत ढकलू नका, ओढू नका. बाईला गुडघ्यांवर ओणवं करा, छाती खाली, कंबर वर. बाळाचा भार नाळेवरून हटतो.

हे सांगणं सोपं आहे म्हणा. पहिलं सिझर झालेल्या एका पावरा बाईला मी लवकर खाली यायला सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या शेळ्या कोण बघेल?" माझ्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. आशाताईने ते शोधलं. शेळ्या नणंदेच्या गोठ्यात गेल्या आणि बाई नऊ दिवस आधी, स्वतःच्या पायांनी, घाट उतरली.