सोबतीचा माणूस



सॉफ्टवेअरबद्दल फार ऐकवत नाही. आमच्या क्षेत्रातली एकच चांगली पद्धत सांगते. नवीन माणूस आला की पहिले काही महिने त्याच्या जोडीला एक जुना माणूस देतात. पदवीधरालाही अशी सोबत लागते. मग वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला ती किती लागत असेल?

पुण्यात डॉ. अभिजित आणि डॉ. मनीषा सोनवणे यांची सोहम ट्रस्ट अशी सोबत करते. डॉक्टर देवळांबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर मोफत उपचार करतात. आधी औषध, मग ओळख, आणि नातं जमलं की कामाचा विषय. ज्याला जे झेपेल ते. कोणाला वजनकाटा, कोणाला विकायला छोट्या वस्तू; काही आज्या सार्वजनिक जागांची स्वच्छता करतात, त्यांची ‘खराटा पलटण’. भिक्षेकऱ्याने कष्टकरी व्हावं, हा डॉक्टरांचा आग्रह.

काम शिकवायला आठवडा पुरतो. पण चौथ्या दिवशी माणूस आलाच नाही तर? ताप असेल, कोणी टोचून बोललं असेल. पगारासाठी बँकेत खातं हवं, खात्याला कागदपत्रं हवीत आणि तीच हरवलेली असतील. नोकरी सुटते ती अशा ठिकाणी.

आपल्या रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. रस्त्यावर सापडलेले रुग्णही तिथे येतात, बरे होतात. काहींना न्यायला मात्र कोणी येत नाही. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवू नये, असं २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण बाहेर पडून त्यांनी जायचं कुठे, करायचं काय?

आपल्यापैकी कोणाची आंब्याची बाग आहे, कोणाचा काजूचा कारखाना, कोणाचं हॉटेल. मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलून, त्यांच्या सल्ल्याने, एकेका माणसासाठी एकेक जागा देता येईल का? आणि त्या जागेसोबत सहा महिने विचारपूस करणारा एक जण? कागदपत्रं आणि बँकेचं काम मी अंगावर घेते. बरंचसं फोनवरून होतं.

शाळेत दोन दिवस गैरहजर राहिलो, तर बाई शेजारच्या मुलाकडून निरोप पाठवायच्या, “का आला नाहीस?” तो निरोप आला की तिसऱ्या दिवशी शाळेत जावंच लागायचं. आपण पाठवायचा तो एवढाच निरोप आहे.