'कॅट'मध्ये आवाज किती?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कॅट' या शब्दात आवाज किती, असे विचारले तर आपल्यापैकी बरेच जण दोन म्हणतील: कॅ आणि ट. इथली किंडरगार्टनची शिक्षिका तीन म्हणेल: क्, ॲ, ट्. आपण अक्षरे मोजतो. देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात बसतात, म्हणून आपला कान तिथेच थांबतो. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला मात्र त्या अक्षराच्या आत शिरावे लागते.

ही फोड कोणालाच उपजत येत नाही. १९७४ मध्ये इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांना शब्दात जितके आवाज तितक्या वेळा टेबलावर काठी आपटायला सांगितली. चार वर्षांच्या एकाही मुलाला ते जमले नाही. पाच वर्षांच्या १७ टक्के आणि सहा वर्षांच्या ७० टक्के मुलांना जमले. अक्षराएवढे मोठे तुकडे मात्र चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांनी बरोबर मोजले. कारण साधे आहे. बोलताना आवाज सुटे बाहेर पडत नाहीत. क् म्हणतानाच तोंड पुढच्या स्वराच्या तयारीला लागलेले असते.

१९७९ मध्ये जोसे मोराइस यांच्या गटाने पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दाचा पहिला आवाज काढून उरलेला शब्द म्हणायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. तशाच परिस्थितीतल्या, पण मोठेपणी वाचायला शिकलेल्या लोकांना बरेच जमले. म्हणजे प्रश्न अकलेचा नाही, शिकवण्याचा आहे. तरीही ज्या मुलाला हे कोणी शिकवले नाही, त्याच्यावर 'मठ्ठ' असा शिक्का बसतो. पुस्तके असलेल्या घरातले मूल कसेबसे सावरते. ज्या घरात पुस्तके नाहीत, तिथल्या मुलाला शाळेखेरीज आधार नसतो. म्हणून हा विषय आपल्या मंचावर आणला.

आता आपल्या घरातले. आपण सर्वांनी शाळेत वर्णविग्रह केला आहे: देव = द् + ए + व् + अ. तेच पाचव्या वर्षी, वहीशिवाय, खेळ म्हणून करायचे. 'ताई'मधला त् काढला तर कोण उरते? आई! 'पाठ'मधला प् काढला तर? आठ! मग 'कान'च्या क् ऐवजी प् घालायचा. हे जमू लागले की सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची युक्ती वापरा: कागदावर चौकोन काढून प्रत्येक आवाजाला एकेक बटण सरकवायचे. 'शिप'ला स्पेलिंगमध्ये चार अक्षरे, पण बटणे तीनच. पुढे बटणांच्या जागी अक्षरे आणा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २००० सालच्या अहवालानुसार अक्षरांची जोड दिल्यावर फायदा वाढतो, आणि एकूण ५ ते १८ तासांचे शिक्षण पुरेसे ठरते. रोज दहा मिनिटे काढली तर दोनतीन महिन्यांचे काम.

एक खबरदारी मराठी पालकांनी विशेष घ्यावी. आपण ब, ट असे म्हणताना शेवटी 'अ' लावतो. मग 'बॅट' जोडताना 'बअॅटअ' होते आणि मूल गोंधळते. व्यंजन पाय मोडून, तोकडे म्हणा. स् लांबवता येतो, तो लांबवा.

मूल वाचनात मागे पडले की घरातले मराठी बंद करा, असा सल्ला अनेकांना मिळतो. तो मानू नका. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, स्पॅनिश शब्दांतले आवाज चांगले ओळखणारी पहिलीतली मुले इंग्रजी शब्द वाचण्यातही सरस ठरली. एका भाषेत तयार झालेला कान दुसरीतही उपयोगी पडतो.

इतके करूनही सहासात वर्षांच्या मुलाला आवाज सुटे करता येत नसतील, तर शाळेकडे लेखी अर्ज करून तपासणी मागा. आपल्या समाजात 'लोक काय म्हणतील' म्हणून हे लपवले जाते आणि मुलाची महत्त्वाची वर्षे वाया जातात. डॉक्टर, इंजिनियर असलेल्या आईबापांच्या मुलालाही डिस्लेक्सिया असू शकतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उशीर मात्र महागात पडतो.

आता प्रश्न विचारा.