धुराड्याची निगा

खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या कापूस-तुरीच्या गावात पऱ्हाटी आणि तुराटी हे हाताशी असणारे सरपण होय. केंद्र शासनाने १९८३ मध्ये हाती घेतलेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये संपला. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस आला; तरी पाणी तापविण्यास, भाकरी भाजण्यास अनेक घरी चूल पेटतेच. त्या कार्यक्रमाचा धडा हाच की, चूल बसविल्याने काम संपत नाही. तिची निगा राखावी लागते.

धुराड्यात काजळी साचली की ओढ मंदावते आणि धूर घरात परततो. काजळी पेटही घेते. म्हणून चूल पूर्ण विझल्यावर धुराडे नियमित झाडावे, वैलातील राख काढावी, भेगा लिंपाव्यात. ओले सरपण जाळू नये. निखाऱ्यांवर रॉकेल ओतू नये. धुराडे गवती छपराला टेकू देऊ नये. बंद खोलीत निखारे ठेवून निजणे प्राणघातक ठरते. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

शिक्षकांनी हे शाळेत सांगावे, ग्रामपंचायतीने चुलींची यादी ठेवून धुराड्यांची पाहणी करावी. रोज धूर सोसणाऱ्या गृहिणीस लांब दांडीचा कुंचा नव्या चुलीइतकाच मोलाचा आहे.