स्क्रीन फुटली, संगणक नाही!

आपल्यापैकी किती जणांच्या घरी जुना लॅपटॉप पडून आहे? हात वर करू नका, मला ठाऊक आहे. एचडीबीतलं बॉम्ब शेल्टर म्हणजे आपला माळाच की!

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली. दुरुस्तीचा खर्च ऐकून तो टाकूनच देणार होतो. पण आतला प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क ठणठणीत! जुना मॉनिटर जोडून त्यावर फुकट मिळणारं डेबियन लिनक्स बसवलं आणि नेटवर्कची वायर राउटरला लावली. झाकण मिटलं तरी तो झोपू नये, म्हणून एक सेटिंग बदललं. झाला होम सर्व्हर! आता घरातले सगळे फोटो आणि आजीने फोनवर सांगितलेल्या गोष्टींची रेकॉर्डिंग्ज त्यावर आहेत. जुन्या डिस्कचा भरवसा नाही, म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. बॅटरी फुगली असेल तर मात्र तो वापरू नका; ती पेटू शकते. आधी जाणकाराकडून काढून घ्या.

२०२० मध्ये सर्किट ब्रेकरच्या काळात शाळा घरात आली, तेव्हा इथल्या 'इंजिनिअरिंग गुड' संस्थेने देणगीत आलेले जुने लॅपटॉप दुरुस्त करून गरजू घरांत पोहोचवले. आपल्याकडे धूळ खात पडतात, तसलेच!

म्हणून विनंती एवढीच. लॅपटॉप चालू असेल तर डेटा पुसून दान करा. फुटका असेल तर घरी कामाला लावा. आणि वाचलेल्या डॉलरांतला थोडा वाटा आजच्या निधीत टाका.