मधुमेह : दबक्या पावलांचा वैरी



परमपूज्य बाबासाहेबांचा देह अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ६५ वर्षांत, ते आपणांस अंतरले.

दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांस हा विकार तरुणपणी व कमी वजनातही जडतो. म्हणून आपल्यासाठी धोक्याची रेषा बीएमआय २५ नव्हे, २३ आहे. इंग्लंडमध्ये असा विकार नसलेल्या ४० ते ७४ वयाच्या व्यक्तींस एन.एच.एस.ची आरोग्य तपासणी दर ५ वर्षांनी विनामूल्य मिळते. ते पत्र बाजूस सारू नका. रोज चाला, भात-साखर आवरा.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वहस्ते केली. आजार लपविण्यात कसली प्रतिष्ठा? चळवळीस आपण हवे आहात.

जयभीम!