इन्फ्लुएंझा : प्रतिबंध आणि परीक्षा

शाहू महाराजांनीं १८९५ सालीं व्यापारासाठीं वसविलेल्या कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेंत माणसांची ये-जा अखंड असते. रेल्वे व एस्. टी. दोन्ही स्थानकें जवळच. इन्फ्लुएंझाही माणसाबरोबरच प्रवास करतो. १९१८ च्या जूनमध्यें तो मुंबई बंदरांत उतरला, सप्टेंबरांत पुन्हां उसळला, आणि एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें दगावलीं. त्या वेळीं रोगाचें कारणही ठाऊक नव्हतें. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणु १९३३ सालीं सांपडला. २००९ सालीं पुण्यांत ‘स्वाईन फ्लू’चा पहिला भारतीय बळी गेला, तेव्हां तपासणीसाठीं रांगा लागल्या. आज तोच विषाणु हंगामी तापांत मोडतो व पावसाळ्यांत आणि थंडींत डोकें वर काढतो.

मग परीक्षा कोणाची व्हावी? सरकारी मार्गदर्शनांत रोग्यांचे तीन वर्ग आहेत. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी असल्यास परीक्षेची जरुरी नाहीं. रोग्यानें निराळ्या खोलींत विश्रांति घ्यावी, पेज-पाणी भरपूर घ्यावें व एक-दोन दिवसांत डॉक्टरांना पुन्हां दाखवावें. तीव्र ताप व घशाची फार ठणक हा दुसरा वर्ग. गर्भवती, पांच वर्षांखालील मुलें, पासष्टीपुढील वृद्ध, मधुमेही व हृद्रोगी यांचा सौम्य तापही त्यांतच येतो. यांना डॉक्टर ओसेल्टामिव्हिर देऊं शकतात. पहिल्या ४८ तासांत त्याचा गुण अधिक, म्हणून दिरंगाई नसावी. धाप, छातींत दुखणें, गुंगी, थुंकींतून रक्त, निळसर नखें, किंवा मुलानें खाणेंपिणें टाकणें, हीं तिसऱ्या वर्गाचीं लक्षणें होत. अशा रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें. तेथें नाक-घशांतील स्रावाची परीक्षा होते. परंतु उपचार निकालासाठीं थांबत नाहींत.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. खोकतांना तोंडावर रुमाल धरावा, साबणानें हात धुवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या. विषाणु रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षीं घ्यावी लागते. तिचें संरक्षण मिळण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. अँटिबायोटिक औषधें विषाणूवर चालत नाहींत. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊं नये.

तापलेल्या माणसानें दुकानाच्या गादीवर बसणें हें कष्टाळूपणाचें लक्षण नव्हे. त्यांत गिऱ्हाइकाला व घरच्या म्हाताऱ्यांना धोका आहे. ताप आला म्हणून घाबरूं नये. धाप लागली तर थांबूं नये.