धुराड्यातील घरटे : मोटरहोमची निगा आणि जीवदया
(व्याख्यानाची संहिता)



विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. अमेरिकेतील चालत्या घराच्या धुराड्याशी आपला काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-सुना आज त्या देशात स्थायिक आहेत. आई-वडील तेथे गेले की मोटरहोम भाड्याने घेऊन अरण्ये आणि पर्वत पाहावयास जाण्याची हौसही आता आपल्यात रुजली आहे. शिवाय हा विषय अखेरीस आपल्या जीवदयेच्या उंबरठ्यापाशीच येऊन थांबतो. म्हणून तो आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

मोटरहोम म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेले मोटारीचे घर. थंडीत ते उबदार ठेवण्यासाठी प्रोपेन वायूवर चालणारी भट्टी असते. तिला तिकडे फर्नेस म्हणतात. ह्या भट्टीची रचना समजून घेण्यासारखी आहे. तिचा पंखा बाहेरची हवा ज्वलनकक्षात ओढून घेतो. तेथे वायू जळतो, धातूचे कवच तापते आणि जळालेला वायू भिंतीतील नळीवाटे बाहेर टाकला जातो. घरातील हवा ह्या कवचाच्या बाहेरच्या अंगाने फिरून ऊब घेते. दोन्ही हवांची भेट होऊ द्यावयाची नाही, हेच ह्या यंत्राचे मर्म. त्या भिंतीतील दोन तोंडांवर, एक श्वासाचे आणि एक उच्छ्वासाचे, आत निजलेल्यांचे प्राण अवलंबून असतात.

नेमकी हीच तोंडे काही जीवांना प्रिय असतात. आपल्याकडे खिडकीच्या कोपऱ्यात चिखलाचे घर बांधणारी कुंभारीण माशी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या जातकुळीतील माश्या उत्तर अमेरिकेतही आहेत. मादी ओल्या मातीचा गोळा तोंडात धरून आणते, नळीसारखे कप्पे रचते, प्रत्येक कप्प्यात बधिर केलेले कोळी साठवते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. तिला वारा-पावसापासून सुरक्षित असे छिद्र हवे असते आणि भट्टीची नळी तिला आयतीच सापडते. कोळीही अशा नळ्यांत जाळी विणतात. वायूला दिलेल्या उग्र गंधाकडे ते ओढले जातात, असे तिकडील वाहनधारक सांगतात.

आता ऋतूंचा मेळ पाहा. ह्या माश्यांचा बांधकामाचा काळ उन्हाळ्याचा आणि भट्टीच्या विश्रांतीचा काळही तोच. शरद ऋतूत पहिली थंड रात्र येते, कोणीतरी बटण दाबते आणि वाळून टणक झालेल्या मातीने भरलेल्या नळीसह भट्टी पेटू पाहते. पुष्कळदा ती पेटतच नाही किंवा पेटून विझते. हे त्यातल्या त्यात बरे. वाईट ते असे की हवा अपुरी पडून ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच भासतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत.

एवढीशी माशी ती काय करणार, असे कोणी म्हणेल. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बिर्गेनएअरचे विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजलेली होती आणि कुंभारीण माशीचे घरटे हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. विमान उभे असताना त्या नळ्यांवर काही दिवस आच्छादने नव्हती. २०११ मध्ये मझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे ६५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. कारण, इंधनटाकीच्या वायुनळीत कोळ्यांनी विणलेली जाळी.

मग उपाय कोणता? बाजारात पोलादी तारेच्या जाळ्या मिळतात. त्या तोंडावर बसविल्या की माशी आत शिरत नाही. परंतु मी कापडाचा व्यापारी आहे. वीण जितकी घट्ट, तितके वस्त्र हवेला अधिक अडविते, हे मला चांगले ठाऊक आहे. जाळीवर काजळी, धूळ आणि तंतू साचतात. कधी माशी जाळीवरच माती लिंपते. मग रक्षणासाठी आणलेली जाळीच श्वास कोंडते. म्हणूनच काही भट्टीनिर्मात्यांनी आपल्या पुस्तिकेत अशी जाळी लावू नये, अशी स्पष्ट ताकीद दिली आहे. दुकानदार ‘लावा’ म्हणतो आणि निर्माता ‘लावू नका’ म्हणतो. अशा वेळी निर्मात्याचेच ऐकावे, कारण यंत्राचा हिशेब त्याच्या वहीत आहे.

ह्यातून व्यवहार्य मार्ग असा निघतो. गाडी उभी असताना तोंडांवर आच्छादन घालावे आणि त्यास लांब तांबडी फीत बांधावी. विमानांच्या आच्छादनांनाही अशीच फीत असते. भट्टी लावण्यापूर्वी ते काढलेच पाहिजे, कारण आच्छादन ठेवून भट्टी पेटविणे हे घरट्याहूनही घातक आहे. हंगामाच्या आरंभी विजेरीने दोन्ही तोंडे पाहावीत. घरटे दिसल्यास वायू बंद करून, भट्टी थंड असताना ते काढावे आणि खोलवर असेल तर जाणकाराकडूनच काढून घ्यावे. कीटकनाशकाचा फवारा आत मारू नये, कारण असे फवारे ज्वालाग्राही असू शकतात. पाणी तापविणाऱ्या यंत्राची ज्योतही तपासावी. निळी ज्योत निरोगी, पिवळी व लोळणारी ज्योत हवा अडल्याची खूण. आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण चालू आहे ना, त्याच्या पाठीवर छापलेली मुदत संपली नाही ना, हे भाड्याच्या गाडीतही स्वतः पाहावे.

बंधू-भगिनींनो, आपल्या पूर्वजांनी पाणी गाळून पिण्याची रीत घालून दिली. गाळणे वापरल्याने आपले आरोग्य राखले जाते आणि त्यावर राहिलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच जलाशयात अलगद सोडल्याने त्यांचेही रक्षण होते. हीच दृष्टी येथे लागू पडते. आच्छादन वेळेवर घातले तर माशी आपले घर दुसरीकडे बांधते आणि तिची पिले जगतात. आच्छादन विसरले तर आधी घरटे, मग ते फोडणे, आणि पाहणीही राहिली तर मनुष्यहानी. ही कुंभारीण स्वभावाने आक्रमक नाही, सहसा दंशही करीत नाही. तिच्याशी आपले वैर नाही. तिने कोठे बांधू नये, एवढेच आपण तिला वेळेवर कळवावयाचे आहे.

आपल्या शास्त्रांनी ह्यालाच यतना म्हटले आहे. चालताना, बसताना, वस्तू ठेवताना सावध असणे. परदेशी निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने सामानाच्या यादीत एक विजेरी लिहून ठेवावी आणि रात्री भट्टी लावण्यापूर्वी दोन मिनिटे बाहेर जाऊन ती दोन तोंडे पाहावीत, एवढीच माझी विनंती आहे.